गजालखडकावरचे तीन ठोके

धक्क्यावरच्या न्हाणीघरात पुंडलिक खोबरेकरांना दुसऱ्यांदा डोकं धुवायला पाठवलं, तेव्हाच त्यांच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

"काका, केसांत अजून तेल आहे," पाहुण्यांना घेऊन जाणारी मुलगी हसून म्हणाली. तिच्या हातात पेनाएवढी एक नळी होती. ती टाळूजवळ धरली की टोकाला पिवळा दिवा लागायचा. "खोबरेलाचा तवंग प्रवाळाच्या पिल्लांना सोसत नाही. हिरवा दिवा लागल्याशिवाय होडीत बसता येत नाही."

"जन्मभर हेच तेल लावून ह्याच पाण्यात बुड्या मारल्या," तात्या पुटपुटले. गावात त्यांना सगळे तात्याच म्हणत. "तेव्हा नाही कोणाची पिल्लं मेली."

बाकावर त्यांची बायको कुमुद उद्यानाने दिलेला राखाडी अंगरखा चढवून, पाय हलवत बसली होती. तिच्या अंगावर दिवा पहिल्याच वेळी हिरवा झाला होता. "माका बघा, एका धुण्यात पास केल्यानी!"

"तुझ्या डोक्यात काय उरलाच नाय, तर लागतलोच हिरवो दिवो," तात्या म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा आत गेले.

कुमुदला ही सहल हवी होती. गावासमोरच्या समुद्रात एवढं नावाजलेलं प्रवाळ उद्यान, देशोदेशीची माणसं बघून जातात आणि आपण नुसती किनाऱ्यावरून त्यांची टोपडी मोजायची, हे तिला कधीचं खुपत होतं. तात्या मात्र सहलीला आलेच नव्हते. ते आले होते खातरजमा करायला.

आडबंदर गावासमोर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याखाली एक लांबट खडक आहे. त्याला गजालखडक म्हणतात. गजाली म्हणजे गप्पा. वल्ह्याच्या दांड्याला कान लावला की हा खडक सतत काहीतरी बोलत असल्यासारखा ऐकू येई, म्हणून जुन्या माणसांनी ते नाव ठेवलं. मग लागोपाठचे काही उन्हाळे असे आले की समुद्रच तापला. खडकावरची प्रवाळं आधी फिकी झाली, मग पांढरीफटक पडली आणि मासळी निघून गेली. सरकारने तिथे उद्यान केलं. गावाने दहा वर्षं तिकडे जाळं न टाकण्याचं कबूल केलं.

ते कबूल करणं कागदावर झालं असेल नसेल. आडबंदरात कागदाला कोण विचारतो! शिमग्याच्या मांडावर, सणाच्या ठरलेल्या जागी, सगळा गाव जमला, नारळ ठेवला आणि मानकरी म्हणून तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां गजालखडक तुझ्या पदरात घालतत..." आणि प्रत्येक वाक्याला गावाने एका तोंडाने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" त्या 'व्हय'ने खडक बंद झाला होता. दहा वर्षांत एका पोराने तिथे गळ टाकला नव्हता.

आता मुदत संपली होती. उद्या शिमग्याचा मांड होता आणि पुढची दहा वर्षं खडक राखायचा की उघडायचा, ते गाऱ्हाण्यात तात्यांनाच बोलायचं होतं. गावातली तरुण मंडळी उघड म्हणत होती की खडक कधीच मेला. उद्यानवाले पाहुण्यांना काचेतून चित्रं दाखवतात आणि आपण बसलोय मढ्याला राखण. ते खरं असेल तर आणखी दहा वर्षं गावाच्या पोटावर पाय. ते खोटं असेल आणि तात्यांनी खडक उघडला, तर परवा उजाडायच्या आत जाळी पडतील आणि जे काही जगलं असेल तेही खरवडून निघेल. गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं. बोलणाऱ्याची जीभ झडते म्हणतात. जीभ झडो न झडो, गावाला तोंड दाखवायला जागा राहत नाही हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ते नाव न सांगता आले होते. कुमुदलाही बजावलं होतं, "आपण कोण, कुठले, काही बोलायचं नाही. नुसते पाहुणे."

तिसऱ्या धुण्याला दिवा हिरवा झाला.

उद्यानाच्या हद्दीत इंजिनाला बंदी होती. मासळीला आवाजाचा त्रास होतो म्हणून सगळ्या होड्या वल्ह्यांवर चालायच्या आणि वल्हीही जुन्या पद्धतीची, लाकडाची. त्या नळीवाल्या मुलीचं नाव मृण्मयी नेने. मूळची रत्नागिरीची, समुद्रजीवांवर शिकलेली. वल्हं मात्र ती बरं मारत होती. त्या दिवशी तिच्या होडीत हे दोघंच होते. बाकीच्या होड्यांत सात-आठ माणसं खच्चून भरलेली आणि आपल्याच होडीत दोघं का, हेही तात्यांनी मनात टिपून ठेवलं.

पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला होडी बांधल्यावर मृण्मयीने दोघांना पाण्यात बघायचे मुखवटे दिले. "ही रंगभर काच आहे. आधी असंच बघा, मग मी समजावून सांगते."

तात्या पाण्यात उतरले आणि पालथे तरंगले. क्षणभर त्यांचा जीव भरून आला. खाली काळविटाच्या शिंगांसारखी प्रवाळांची बनं पसरली होती, जांभळी, शेंदरी, टोकांना निळी. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे होते. पोपटी रंगाचा एक मासा दगडाचा लचका तोडून कुरूम कुरूम चावत होता. तांबोशी माशांची एक रांग लग्नाच्या वरातीसारखी सावकाश गेली. लहानपणी बापाबरोबर बुडी मारल्यावर दिसायचं, अगदी तसंच. अगदी तसंच, आणि तिथेच तात्यांना शंका आली. साठी उलटलेल्या माणसाला लहानपणीसारखं काही दिसत असेल, तर त्याने आधी आपले डोळे तपासावेत.

त्यांनी मुखवटा कपाळावर ढकलला आणि उघड्या डोळ्यांनी तोंड पाण्यात बुडवलं. खाऱ्या पाण्याची त्यांना सवय होती. खाली सगळं धूसर, निळसर राखाडी होतं. शिंगं होती, गोळे होते. रंग मात्र चितेच्या राखेचा.

ते होडीची कड धरून वर आले. "काच काढली की सगळं राखाडी दिसतं!"

"दिसणारच काका," मृण्मयी म्हणाली. तिला हा प्रश्न रोजचा असावा. "पाणी आधी तांबडा रंग गिळतं. खाली जावं तसं निळंच उरतं. किती तांबडं गिळलं गेलं ते काच ओळखते आणि तेवढंच परत भरते."

"म्हणजे रंग काचेचा."

"रंग प्रवाळाचाच. काच फक्त..."

"आमच्याकडे दशावतारात रंग भरला की मिशीवाला बाप्या द्रौपदी होतो," तात्या म्हणाले. "आणि बाया त्याला बघून रडतात."

पलीकडे पालथी तरंगणारी कुमुद तोंड वर काढून म्हणाली, "अहो, माका एक मासो बघून हसलो! खरंच सांगतंय!"

"तुका बघून कोण हसायचा नाय?"

"बघितलंस मृण्मयी?" कुमुद म्हणाली. "असे हे. देवान पुढ्यात ताट वाढलान तर आधी ताटाखाली बघतले."

तात्या होडीत चढून बसले. डोळ्यांवर विसंबायचं नाही, हे ठरलं. मग काय उरलं? कान. त्यांच्या बापाने, सोमा खोबरेकराने, त्यांना समुद्र बघायला कमी आणि ऐकायला जास्त शिकवला होता. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. मृण्मयी कुमुदला वर चढायला हात देत होती. त्यांनी एक वल्हं उचललं, पातं सरळ पाण्यात सोडलं आणि दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं.

खडक बोलत होता.

कढईत वाटाणे फुटावेत तसा तडतडाट. त्यात मधूनच गोबरा माशाचं घुमणं, मधूनच माशांच्या दातांची कुरकुर. गजालखडक! किती वर्षांनी! हा तडतडाट टिचकी कोळंबीचा. बोटभर लांबीचा जीव, एका नांगीने अशी टिचकी मारतो की पाण्यातला बुडबुडा फुटून आवाज होतो. अशा लाखो टिचक्या म्हणजे जिवंत खडक. मेलेला खडक स्मशानासारखा गप्प असतो. काच फसवील, लाकूड कशाला फसवील?

तरी एक गोष्ट राहिलीच होती. गजालखडकावर जाळं टाकण्याआधी सोमा वल्ह्याचा दांडा होडीच्या कडेवर तीनदा आपटायचा. ठक, ठक... ठक. पहिले दोन जवळजवळ, तिसरा थोडा थांबून. मग कान लावायचा. तडतडाट झटकन थांबायचा. वर्गात मास्तर आल्यावर पोरं चिडीचूप होतात तसा. मग हळूच एक टिचकी, दुसरी, आणि पुन्हा गजाली सुरू. "ठोको आयकान गप झालो की समजायचा, घरात माणसां आसत," बापूस म्हणायचा. "मगच जाळा टाकूचा. रिकाम्या घरात चोरी करूक जावचा नाय."

तात्यांनी दुसऱ्या वल्ह्याने होडीच्या कडेवर ठोकलं. ठक, ठक... ठक. आणि श्वास रोखून ऐकलं.

तडतडाट थांबला नाही. त्यात तसूभरही फरक पडला नाही. वाटाणे फुटतच राहिले, जसे काही तात्या तिथे नव्हतेच. त्यांनी पुन्हा ठोकलं, जरा जोरात. खडक आपला बोलतोय, बोलतोय. समोरचं माणूस ऐकतंय की नाही याची पर्वा न करता बोलणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. खडकाला काय म्हणायचं?

आणि मग खालून आवाज आला.

ठक, ठक... ठक.

तात्यांचा हात वल्ह्यावर घट्ट आवळला. पहिले दोन जवळजवळ, तिसरा थोडा थांबून. त्या ठोक्यांपाठोपाठ खालचा तडतडाट खाड्‌कन थांबला. दोन श्वास शांतता. मग एक टिचकी, दुसरी, आणि गजाली पुन्हा सुरू.

"काय झाला?" कुमुदने विचारलं. त्यांचा चेहरा बघून तिची थट्टा मावळली होती. "छातीत दुखता काय?"

"बापूस," तात्या म्हणाले. "खाली बापूस ठोकता."

कुमुदने मृण्मयीकडे पाहिलं, मृण्मयीने कुमुदकडे. सोमा खोबरेकराला जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती.

तात्यांनी हात वर करून दोघींना गप्प बसवलं आणि वल्ह्याला कान लावून बसून राहिले. बोयाला बांधलेली होडी लाटांवर वरखाली होत राहिली. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच. ठक, ठक... ठक. तेच दोन श्वास. शांततेनंतर पहिली टिचकी पडली तीही मघासारखीच, जराशी दबकी. जिवंत गोष्ट दोनदा तशीच्या तशी घडत नाही. दशावतारातली आरतीसुद्धा रोज वेगळी होते. तात्यांना भुतांची भीती कधीच नव्हती. त्यांना आता भीती नव्हे, संताप आला.

"टेप लावलीय," ते म्हणाले. "खाली टेप लावलीय तुम्ही. माझ्या बापाची."

मृण्मयीने नाकारलं नाही. ओल्या केसांना गाठ मारत ती त्यांच्यासमोर फळीवर बसली.

"नादकुंभ आहेत खाली," ती म्हणाली. "मातीच्या घागरीएवढे कर्णे. खडकावर बारा ठिकाणी बसवलेत."

"कशाला? पाहुण्यांना फसवायला?"

"पाहुण्यांना ते आहेत हे कळतही नाही, काका. ते माशांसाठी आहेत." तिने तळहात पाण्यावर ठेवला. "प्रवाळाची, माशांची पिल्लं जन्मतात ती तांदळाच्या कणीएवढी. आठवडेच्या आठवडे भर समुद्रात वाहत जातात. घर कुठे करायचं हे त्यांना दिसत नाही, ऐकू येतं. गजबजलेल्या खडकाचा आवाज आला की तिकडे वळतात. हा खडक मेला तेव्हा गप्प झाला होता. बाजूने पिल्लं जात होती, पण वळायला काही कारणच नव्हतं. म्हणून जिवंत खडकाचा आवाज लावला. याच खडकाचा, चाळीसेक वर्षांपूर्वी कोणी टिपलेला."

तात्यांना आठवलं. एक काडीपैलवान कॉलेजकुमार बापाच्या होडीत दोन दिवस येऊन बसला होता. रबरी पिशवीत काहीतरी बांधून पाण्यात सोडायचा. बापूस घरी येऊन हसला होता, "तो झिलगो दर्याचो आवाज डब्यात भरून न्हेता. घराकडे नेऊन काय फोडणी घालतलो?"

"ठोके का ठेवलेत मध्ये?"

"आम्हाला वाटलं होडीवर काहीतरी आपटलं असेल. कापले तर सलग आवाज तुटायचा. म्हणून राहू दिले." तिने तात्यांकडे पाहिलं. "ते तुमच्या वडिलांचे असतील हे मला आज कळलं."

"म्हणजे खोटं बोलून बोलावलीत पिल्लं," तात्या म्हणाले. "रिकाम्या घरात लग्नाचा बेंडबाजा लावला आणि वऱ्हाड आलं."

"आलं ना पण," मृण्मयी म्हणाली. "आलं आणि राहिलं. तुम्ही पाहिलेली प्रवाळं खरी आहेत. काचेने नाही उगवलेली."

"हे मी कशावरून धरायचं? रंग काचेचा, आवाज टेपचा. ह्या खडकाचं स्वतःचं असं तुम्ही काय दाखवलंत मला? आणि आमच्याच होडीत आम्ही दोघंच का? मी कोण ते माहीत होतं तुम्हाला!"

उत्तर कुमुदने दिलं.

"मीच सांगितलंय तिका," ती म्हणाली. "न्हाणयेत. तुमी डोक्या धुवीत होतात तेवां."

"तुका बजावलेलंय मी!"

"बजावलात. मगे? उद्या अख्ख्या गावाचा गाऱ्हाणा तुमी घालतलात आणि आज चोरासारखे बघून जातलात? म्हटलंय, गो चेडवा, ह्यांका काय ता नीट दाखव. लपवाछपवी नको." तिचा आवाज चढला होता. "संशय घेवक हरकत नाय. पण समोरच्याक उत्तर देवची संधी तरी मिळाक होयी मरे!"

कुमुद बोलते ती थट्टेने, आणि थट्टा सोडून बोलते तेव्हा मधे पडण्यात अर्थ नसतो. लांबच्या एका होडीतून पाहुण्यांचं खिदळणं वाऱ्यावर येत होतं.

"बंद कर," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"कर्णे. सगळे. खडक जिवंत असेल तर स्वतःच्या तोंडाने बोलेल."

मृण्मयीच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू तिथे कधीच नव्हतं असं पुसलं गेलं. "ते कोणी कधी बंद केले नाहीत, काका. बसवले तेव्हापासून. आम्ही वरच्यांना किती वेळा म्हटलं, थोडा वेळ तरी बंद करून ऐकू या. ते म्हणतात, आलेली मासळी उठून गेली तर? करार नव्याने होईपर्यंत काही हलवायचं नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"पाण्यातला आवाज मोजणारी आमची यंत्रंसुद्धा त्याच कर्ण्यांच्या आवाजात बुडालीत. त्यांच्यामागे खडकाचा स्वतःचा आवाज किती आहे, मला खरंच माहीत नाही. रात्री झोपताना मला तीच भीती असते."

हे ऐकून तात्यांना पहिल्यांदा वाटलं, ही मुलगी खोटं बोलत नसावी. लगेच दुसरं मन म्हणालं, चांगलं खोटं असंच असतं.

"उद्या मांडावर मी उभा राहीन," ते म्हणाले. "हे न ऐकता उभा राहिलो तर 'खडक उघडा' म्हणेन. शंका असलेल्या गोष्टीचं गाऱ्हाणं मला घालता येत नाही."

मृण्मयीने कमरेच्या पिशवीतून हातात मावेल एवढं एक यंत्र काढलं. अंगठा त्यावर काही वेळ नुसता ठेवला. मग दाबला. "एकदम नाही थांबणार. हळूहळू विझतील. मासळी बिथरू नये म्हणून."

"ता कुमुदकडे दी," तात्या म्हणाले.

कुमुदने यंत्र दोन्ही हातांत धरलं, गरम वाटी धरावी तसं. "आता माझ्या हातात आसा. आता तरी?"

तीन माणसं आणि होडीत वल्ही तीन. तात्यांनी एक कानाला लावलं, मृण्मयीने दुसरं. यंत्र ओटीत ठेवून कुमुदनेही तिसऱ्या वल्ह्यावर डोकं टेकलं, गुपित ऐकणाऱ्या शेजारणीसारखं.

तडतडाट ओसरू लागला. दूरच्या गावातली मिरवणूक डोंगराआड जावी तसा लांब गेला. शेवटचे ठोके आले तेही पुसट, ठक, ठक, आणि तिसरा ऐकू आला की नाही ते तात्यांना सांगता आलं नसतं. बापूस दुसऱ्यांदा गेला, असं त्यांना उगाच वाटून गेलं.

मग काहीच नाही. वल्ह्याच्या लाकडात फक्त पाण्याची हालचाल. तात्यांनी डोळे मिटले. मृण्मयीचा श्वास त्यांना जवळून ऐकू येत होता.

टिच्.

टिच्. टिच्.

कुठेतरी डावीकडे, खोल. मग उजवीकडे. मग एकदम चार-पाच. मघासारखे कढईत वाटाणे नव्हते, चुलीत ओलं लाकूड फुटावं तसं काहीसं, विरळ, अडखळत. पण होतं. मृण्मयीने तोंडावर हात दाबून धरला होता आणि तिच्या बोटांवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं.

"बोलता," कुमुद कुजबुजली. "अहो, बोलता!"

"कशावरून एखादा कर्णा चालू राहिला नसेल?" तात्या म्हणाले. पण आवाजात मघाचा धारदारपणा नव्हता. आता एकच परीक्षा उरली होती, आणि ती टेपला देता येणार नव्हती. त्यांनी दुसऱ्या हाताने मृण्मयीच्या वल्ह्याशेजारची मोकळी फळी चाचपली, पाणी उपसायचा लाकडी डोणा उचलला आणि होडीच्या कडेवर आपटला.

ठक, ठक... ठक.

खडक गप्प झाला.

झटकन. पोरं मास्तरांना बघून होतात तसा. एक टिचकी नाही. घरात माणसं होती! त्यांनी मृण्मयीकडे बघून मान हलवली आणि तिला ठोक्याचा अर्थ सांगितला, बापाचे शब्द सांगितले. चोरी, रिकामं घर, सगळं.

ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"काका," ती हळूच म्हणाली, "टेपवर पण ठोके आहेत. आणि ठोक्यांनंतर शांतता आहे."

"मग?"

"इथला प्रत्येक जीव कणीएवढा असल्यापासून ती टेप ऐकत वाढलाय. ठोके पडले की सगळा खडक गप्प होतो, हे रोज ऐकत. हे आत्ता गप्प झाले ते तुम्हाला ओळखून, की नुसत्या सवयीने..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

पुरं करायची गरजही नव्हती. तात्यांना ते समजलं, आणि जरा जास्तच समजलं. मांडावरचं गाऱ्हाणं त्यांना कोणी शिकवलं होतं? बापाने. शब्द बापाचे, चाल बापाची, कुठे थांबायचं तेही बापाचं. आणि तिथे थांबलं की गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." गाव काय दर वर्षी विचार करून म्हणतो? गावाच्या कानावर ते पाळण्यात असल्यापासून पडतंय, म्हणून म्हणतो. तरी तो 'व्हय' खोटा नसतो. त्याच्या जिवावर दहा वर्षं एका पोराने इथे गळ टाकला नव्हता.

"कर्णे असेच बंद ठेवता येतील?" त्यांनी विचारलं.

"माझी नोकरी जाईल तोवर," मृण्मयी म्हणाली. "पण गावाने मागितलं तर वरच्यांना नाही म्हणता येणार नाही. गावाच्या कबुलीशिवाय हे उद्यानच नाही."

तात्यांनी मान डोलावली. उद्याचं गाऱ्हाणं त्यांच्या ओठांशी येऊन थांबलं होतं आणि पहिल्यांदाच त्यात बापाने न शिकवलेले शब्द होते. बा देवा म्हाराजा, खडक राखतो, पण त्याच्या तोंडात आता दुसऱ्याचा आवाज नको. ज्याचं घर, त्यानेच बोलावं. याला गाव 'व्हय' म्हणेल? ह्या ओळीवर 'व्हय' म्हणायची सवय गावाला नव्हती.

"अजून गप्पच हा," कुमुद म्हणाली. वल्ह्यावरचं डोकं तिने उचललं नव्हतं.

टेपवरची शांतता दोन श्वासांची होती. आता कितीतरी श्वास होऊन गेले. खडक अजून गप्पच होता. टेपवर पहिली टिचकी कुठे पडायची ते खालच्या सगळ्यांना पाठ होतं. पण ती टिचकी आज कोणी वाजवणार नव्हतं. ती त्यांच्यापैकीच कोणालातरी आपणहून वाजवावी लागणार होती.

तात्यांनी दांडा कानामागच्या हाडाला पुन्हा घट्ट टेकवला. बापाच्या ठोक्यावर गप्प व्हायला शिकलेली ही पोरं, आता कोणी सुरुवात करून न देता, स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतील का?